कौल आणि सुतारपक्षी

अमेरिकेच्या १९७३ च्या संकटग्रस्त प्रजाती कायद्याने संरक्षित प्राण्यांना ‘हानी’ पोहोचवणे निषिद्ध ठरवले. परंतु हानी कशाला म्हणावे, हे कायद्याने सांगितले नव्हते. जीव जाईल वा इजा होईल असा अधिवासाचा नाशही हानीच, अशी व्याख्या पुढे शासकीय नियमांनी केली, आणि १९९५ मध्ये ‘स्वीट होम’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ती ६ विरुद्ध ३ मतांनी ग्राह्य धरली. खासगी रानांचे भवितव्य असे एका शब्दाच्या व्याप्तीशी बांधले गेले.

आग्नेयेकडील राज्यांतला ‘रेड-कॉकेडेड’ सुतारपक्षी जिवंत आणि वृद्ध पाइन वृक्षातच ढोली कोरतो. झाडे जून होऊ देणाऱ्या मालकाकडे पक्षी येणार आणि त्यामागोमाग तोडबंदी, हे उघड होते. साहजिकच झाडे वयात येण्याआधीच कुऱ्हाड चाले. ल्यूक आणि मायकेल यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या नॉर्थ कॅरोलायनाच्या अभ्यासातून हेच दिसते. ज्या कायद्याने पक्ष्याचे घर राखायचे, त्यानेच यजमानाला पाहुण्याची धास्ती घातली.

जनहित राखणाऱ्या जमीनमालकाला मोबदला मिळावा, हा विचार आल्डो लिओपोल्ड यांनी १९३४ मध्येच मांडला होता. १९८५ च्या शेतीविषयक कायद्याने धूप होणारी जमीन पडीक ठेवणाऱ्यास वार्षिक भाडेही देऊ केले. १९९५ मध्ये सँडहिल्स भागात सुरू झालेल्या ‘सेफ हार्बर’ करारात मात्र मुख्य प्रलोभन पैशाचे नव्हते, अभयाचे होते. कराराच्या वेळी असलेले पक्षी राखायचे, नियंत्रित वणव्याने झुडपे हटवायची, कृत्रिम ढोल्या बसवायच्या. त्यापुढे जितके पक्षी वाढतील त्यांपायी नवे निर्बंध नाहीत. मराठी वाचकाला येथे कौल आठवेल. पडीक जमीन कसण्यास धजावणाऱ्या रयतेला मराठी राजवटीत साऱ्याच्या सवलतीचे असेच लेखी आश्वासन मिळे. तो कौल रान मोडण्यासाठी होता, हा राखण्यासाठी; भयाचे निवारण दोहोंत सारखे.

वाढलेला अधिवास मुदतीनंतर मूळ पातळीपर्यंत मोडण्याची मुभाही या करारात असे, आणि टीकाकारांचा रोख तिच्यावर राहिला. तो आक्षेप अनाठायी नाही. तरीही ऑक्टोबर २०२४ मध्ये हा पक्षी ‘संकटग्रस्त’ सूचीतून ‘धोक्यातील’ या सौम्य सूचीत आला. अर्थात लष्करी आणि सरकारी वनांतील कामाचाही त्यात मोठा वाटा आहे. एप्रिल २०२५ मध्ये ‘हानी’ची ती व्याख्याच रद्द करण्याचा प्रस्ताव अमेरिकी शासनाने मांडला. व्याख्या गेली तर अधिवास मोडणाऱ्याला भिण्याचे कारण उरत नाही, आणि भयच नसेल तर कौल मागायला कोणी येण्याचेही.