नवी सुई फुकट का वाटतात?

परवा मेडशीच्या माझ्या दवाखान्यात बी.पी. तपासायला आलेले एक काका म्हणाले, “डॉक्टरसाहेब, मुंबईत गर्दुल्ल्यायले फुकट सुया वाटतेत म्हन्ते. हे त व्यसनाले खतपानी घालनंच झालं ना?”

प्रश्न रास्त आहे. मोठमोठ्या अधिकाऱ्यांनीही तो विचारला होता. उत्तर मिळेपर्यंत मात्र बरीच माणसं गेली.

आधी सुईचं गणित पाहू. सुई शिरेत नीट गेली का, हे कळण्यासाठी दट्ट्या थोडा मागे ओढतात आणि रक्त सिरिंजमध्ये येतं. तीच सिरिंज दुसऱ्याने वापरली की ते रक्त थेट त्याच्या शिरेत. हवा लागली की एचआयव्ही लगेच मरतो, असं बरेच रुग्ण मला सांगतात. पण सिरिंजच्या आत अडकलेल्या रक्तात तो कित्येक दिवस तग धरू शकतो. हिपॅटायटिस सीचंही तेच.

1980 च्या दशकाच्या सुरुवातीला स्कॉटलंडमधल्या एडिनबरा शहरात नशा करणाऱ्यांना नव्या सुया मिळणं कडक धोरणामुळे अवघड झालं. व्यसन थांबलं नाही, एकच सिरिंज अनेकांत फिरू लागली. तिथल्या रॉय रॉबर्टसन या डॉक्टरने, म्हणजे माझ्यासारख्याच एका जनरल प्रॅक्टिशनरने, हेरॉइन घेणाऱ्या आपल्या रुग्णांचे साठवलेले रक्तनमुने तपासून घेतले. 164 पैकी 83 जणांना लागण होती! 1986 मध्ये हे छापून आलं आणि ब्रिटनमध्ये सुया देण्याचा विचार गंभीरपणे सुरू झाला.

आपल्याकडे मणिपूरमध्येही असंच झालं. 1989 पर्यंत तिथे सुईने नशा करणाऱ्यांत हा विषाणू सापडत नव्हता. पुढच्या वर्षभरात तपासलेल्यांपैकी जवळपास निम्म्यांना लागण दिसली.

महाराष्ट्रात त्या काळी गर्दने धुमाकूळ घातला होता. त्यातूनच 1986 साली पुण्यात डॉ. अनिल आणि डॉ. सुनंदा अवचट यांचं मुक्तांगण उभं राहिलं. तिथली वाट व्यसन पूर्ण सोडण्याची. पण गर्द पन्नीवर ओढणारे काहीजण पुढे सुईकडे वळले, आणि फुटपाथवर राहणारा प्रत्येकजण केंद्रापर्यंत पोचत नाही. त्यांच्यासाठी मुंबईत 1995 साली एल्ड्रेड टेलिस यांनी संकल्प ही संस्था सुरू केली. जखमांची मलमपट्टी, जुनी सुई घेऊन नवी देणं, आणि जिभेखाली ठेवायची ब्युप्रेनॉर्फिनची गोळी. ही गोळी डॉक्टरच्या देखरेखीखाली रोज घेतली की तलफ आवरते आणि टोचायची गरज कमी होते. मला स्वतःला या दोन वाटांत भांडण दिसत नाही. जिवंत राहिला तरच माणूस कधीतरी व्यसन सोडेल.

अडचण कायद्याची होती. 1985 चा अमली पदार्थविरोधी कायदा कडक. सुया वाटणारा कार्यकर्ता गुन्ह्याला मदत करतो, असं पोलिसाला वाटू शकत होतं. 2002 च्या राष्ट्रीय एड्स धोरणाने हा मार्ग मान्य केला, 2007 पासूनच्या राष्ट्रीय कार्यक्रमात सुया आणि गोळी दोन्हींवर भर आला, तरी ही धास्ती राहिलीच. एकीकडे सरकार ज्या कामाला पैसा देतं, त्याच कामासाठी दुसरीकडे खाकीची भीती! अखेर 2017 चा एचआयव्ही-एड्स कायदा 10 सप्टेंबर 2018 पासून लागू झाला. जुन्या सुया घेऊन नव्या देणं हा गुन्हा नाही, हे त्यात उदाहरण देऊन लिहिलं आहे.

काकांच्या मूळ शंकेचं काय? जागतिक आरोग्य संघटनेने 2004 साली जगभरातल्या अभ्यासांचा आढावा घेतला. सुया दिल्याने व्यसन वाढल्याचा पुरावा मिळाला नाही, एचआयव्हीचा प्रसार मात्र कमी झालेला दिसला. आपलं काम अजून अर्धवट आहे. 2017 च्या राष्ट्रीय पाहणीत सुईने नशा करणाऱ्यांत एचआयव्हीचं प्रमाण सव्वासहा टक्के होतं, तर देशातल्या एकूण प्रौढांत अंदाजे 0.22 टक्के.

काकांनी सगळं ऐकून घेतलं. बाहेरचं दार लोटलं आणि हळूच विचारलं, “मंग त्या गोळीनं पोरगं सुटते का याच्यातून?”

कोणासाठी, ते मी विचारलं नाही. बरेचजण सावरतात, वेळ लागतो, असं सांगितलं. सरकारी रुग्णालयात एचआयव्हीची तपासणी फुकट होते आणि नाव गुप्त राहतं, तिथेच हिपॅटायटिस सीची तपासणीही करून घ्या, असंही म्हटलं. मग बी.पी.च्या चिठ्ठीमागे फुकट हेल्पलाइनचा नंबर लिहून दिला : 1097.