हरणांच्या शिकारीतील पादत्राणे आणि गंधनियंत्रण

हरणाच्या शिकारीसाठी जंगलात चालत जाताना माणसाचा वास जमिनीवर मागे राहू नये, किंवा शक्य तितका कमी राहावा, या हेतूने शिकारी पादत्राणांची निवड, वापर व निगा यांविषयी काही विशेष काळजी घेतात. हा विषय मुख्यत्वे उत्तर अमेरिकेतील पांढऱ्या शेपटीच्या हरणाच्या (शास्त्रीय नाव: ओडोकॉइलियस व्हर्जिनियानस) शिकारीशी निगडित आहे. या कामासाठी गुडघ्याच्या जरा खालपर्यंत येणारा रबरी बूट, म्हणजे मराठीत ज्याला गमबूट म्हणतात तो, सर्वाधिक पसंत केला जातो. 'रबरी बूट घातला की वास राहत नाही' अशी शिकाऱ्यांमध्ये रूढ समजूत आहे. ती पूर्णपणे चुकीची नाही. पण बूट पायाचा वास अडवतो, शिकाऱ्याचा नव्हे, हा फरक तिच्यात सुटून जातो.

मराठीत 'हरीण' हा शब्द सारंग आणि कुरंग या दोन्ही गटांतील प्राण्यांसाठी वापरला जातो. या लेखात तो सारंग कुळातील, म्हणजे दरवर्षी शिंगे गळणाऱ्या प्राण्यांपुरता वापरला आहे.

हरिणाचे घ्राणेंद्रिय आणि जमिनीवरील वास

पांढऱ्या शेपटीचे हरीण धोका ओळखण्यासाठी नाकावर फार मोठ्या प्रमाणात अवलंबून असते. परस्परांशी संपर्क साधण्यासाठीही ते वासाचाच उपयोग करते. त्याच्या चारही पायांत, खुराच्या दोन पाकळ्यांच्या मध्ये, एक ग्रंथी असते व तिचा स्राव चालताना जमिनीला लागत राहतो. मागील पायांच्या सांध्यांवर आतल्या बाजूस केसांचे झुपके असलेल्या आणखी ग्रंथी असतात. माजाच्या काळात नर त्यांवर मूत्र सोडून त्यांचा वास अधिक उग्र करतो. थोडक्यात, जमिनीवर सोडलेला व जमिनीवरून वाचलेला वास ही या प्राण्याची नित्याची भाषा आहे. अशा प्राण्याच्या पायवाटेवरून माणूस चालून गेला, तर त्याची नोंद होणे साहजिक होय.

शिकाऱ्याचा वास हरणापर्यंत दोन मार्गांनी पोहोचतो. पहिला हवेतून: दबा धरून बसलेल्या माणसाच्या अंगावरून वारा ज्या दिशेला वाहतो त्या बाजूस आलेल्या हरणास तो मिळतो. दुसरा जमिनीवरून: माणूस निघून गेल्यावरही त्याचा माग काही तास टिकतो. थंड, दमट व सावलीच्या जागी तो जास्त काळ राहतो. कडक उन्हात आणि कोरड्या वाऱ्यात लवकर विरतो. पादत्राणांचा संबंध केवळ दुसऱ्या मार्गाशी आहे. वास लागलेले हरीण मान वर करून थबकते, पुढचा पाय आपटते, नाकातून जोराने फुरफुरते आणि शेपटीची पांढरी बाजू उभारून पळते. त्याच्या या इशाऱ्याने आसपासची इतर हरणेही सावध होतात. काही वेळा ते पळत नाही, फक्त वाट बदलते; शिकाऱ्याला मात्र आपल्या बुटामुळे हे घडले, हे कधीच कळत नाही.

बंदुकीने दूरवरून शिकार करणाऱ्यास जमिनीवरील मागाची फारशी चिंता करावी लागत नाही. धनुष्यबाणाने शिकार करणाऱ्यास हरीण सुमारे वीस-तीस मीटरच्या आत यावे लागते व बहुधा त्याच्या येण्याची वाट शिकाऱ्याच्या जाण्याच्या वाटेला कोठेतरी छेदते. गंधनियंत्रक पादत्राणांविषयीचा आग्रह धनुर्धारी शिकाऱ्यांमध्ये विशेष आढळतो, त्याचे कारण हे आहे.

पायाच्या वासाचे मूळ

माणसाच्या दोन्ही पायांवर मिळून सुमारे अडीच लाख घर्मग्रंथी असतात. ताज्या घामाला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. बुटाच्या आतील उबदार व ओलसर जागेत वाढणारे जिवाणू घामातील आणि मृत त्वचेतील द्रव्यांचे विघटन करतात, तेव्हा वास निर्माण होतो. स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिस हा त्वचेवरील सामान्य जिवाणू ल्युसीन या अमिनो आम्लापासून आयसोव्हॅलेरिक आम्ल तयार करतो. पायाला येणारा परिचित आंबूस वास प्रामुख्याने या आम्लाचा असतो. ब्रेव्हिबॅक्टेरियम गटातील जिवाणू गंधकयुक्त मिथेनथायॉल निर्माण करतात. काही प्रकारच्या चीजला पायमोज्यांसारखा वास येतो, तोही याच जिवाणूंमुळे.

म्हणून बूट कोणत्याही पदार्थाचा असला तरी तो आतून ओला राहिल्यास वासाचा कारखानाच होतो. खाण्याचा सोडा बुटात भुरभुरण्याची जुनी पद्धत रसायनशास्त्राच्या दृष्टीने योग्य आहे: सोडा आयसोव्हॅलेरिक आम्लाशी संयोग पावून त्याचे क्षार बनवतो आणि हे क्षार हवेत उडत नाहीत.

पादत्राणांचे प्रकार

उत्तर अमेरिकेतील मूलनिवासी शिकारी मोकॅसिन हे मऊ चामड्याचे पादत्राण वापरत. हे चामडे बहुधा हरणाचेच असे. ते प्राण्याच्या मेंदूने कमावून नंतर धुरावर धरले जाई. धुरी देण्याचा मुख्य हेतू भिजलेले चामडे वाळल्यावर ताठर होऊ नये हा होता. पातळ तळामुळे पावलांचा आवाज कमी होई.

नैसर्गिक रबर थंडीत ठिसूळ व उन्हात चिकट होते. चार्ल्स गुडइयर यांनी १८३९ मध्ये गंधकासह तापवून रबर टिकाऊ करण्याची व्हल्कनीकरणाची प्रक्रिया शोधली व १८४४ मध्ये तिचे अमेरिकेतील पेटंट मिळवले. त्यानंतर रबरी बूट व्यवहारात आले. मेन राज्यातील लिऑन लिऑनवुड बीन यांनी रबरी तळावर चामड्याचा वरचा भाग शिवून शिकारी बूट तयार करवून घेतला आणि १९१२ मध्ये तो टपालाद्वारे विकण्यास आरंभ केला. राज्याबाहेरील शिकार-परवानाधारकांच्या यादीवरून त्यांनी जाहिरातपत्रके पाठवली होती. पहिल्या शंभर जोड्यांपैकी नव्वद जोड शिवण उसवल्यामुळे परत आले व बीन यांनी सर्वांचे पैसे परत केले. या बुटाची प्रेरणा ओल्या पायांची होती, वासाची नव्हे. रबरी तळाचा गंधनियंत्रणासाठी होणारा उपयोग हा त्याचा आनुषंगिक गुण आहे.

चामड्याचा बूट घोट्याला आधार देतो, डोंगराळ भागात लांब चालण्यास सोयीचा असतो. परंतु चामडे सच्छिद्र असल्याने घाम, तेल, धूर आणि स्वयंपाकघरातील वास शोषून ठेवते व ते चटकन सोडत नाही. १९६९ मध्ये रॉबर्ट गोर यांनी ताणून सच्छिद्र केलेल्या टेफ्लॉनसारख्या पदार्थाचा शोध लावला. त्यापासून बनवलेल्या पटलाचे अस्तर असलेले बूट आता सर्वत्र मिळतात. हे पटल बाहेरचे पाणी अडवते व आतील बाष्प बाहेर जाऊ देते. बाष्प जाऊ देणारी वस्तू वासाचे लहान रेणूही जाऊ देते, ही गोष्ट विक्रेते सहसा बोलून दाखवत नाहीत.

रबरी बूट घाम, बाष्प आणि वास तिन्ही आत कोंडतो. नैसर्गिक रबराचा बूट थंडीत लवचिक राहतो. पीव्हीसीचा बूट स्वस्त असला तरी कडाक्याच्या थंडीत ताठरतो. निओप्रीनचा वरचा भाग व रबराचा तळ अशा मिश्र बुटाला निओप्रीनमधील हवेच्या पुटकुळ्यांमुळे ऊब असते. मात्र त्याच्या कापडी आवरणात काट्याकुट्यांबरोबर वासही अडकतो. दक्षिणेकडील राज्यांत सर्पदंशापासून संरक्षण देणारे उंच बूट वापरले जातात व तेथे वासापेक्षा सापाचा विचार आधी होतो.

रबर वासाला पूर्णपणे अभेद्य मात्र नाही. पेट्रोल, डिझेल व तेल यांच्या संपर्कात नैसर्गिक रबर ते शोषून फुगते आणि नंतर तो वास दीर्घकाळ सोडत राहते. नव्या बुटाला स्वतःचा कारखानी वास असतो, त्यामुळे हंगामापूर्वी काही आठवडे तो मोकळ्या हवेत, पण उन्हापासून दूर ठेवतात.

वापर व निगा

कोणता बूट घेतला यापेक्षा तो कोठे कोठे घातला गेला याला अधिक महत्त्व आहे. घरातून निघतानाच बूट घालून गाडी चालवणे, वाटेत पेट्रोलपंपावर उतरणे, उपाहारगृहात न्याहारी करणे, या प्रत्येक ठिकाणचा वास तळव्याला लागून जंगलात जातो. म्हणून अनुभवी शिकारी बूट झाकणबंद डब्यात वेगळे ठेवतात आणि गाडीतून उतरल्यावर घालतात. घालताना बाहेरच्या बाजूस उघड्या हातांनी धरून ओढल्यास हाताचा वास बुटावर येतो, ही बाब अनेकदा दुर्लक्षित राहते.

पाऊल टाकताना बूट भात्यासारखा दाबला जातो व आतील हवा वरच्या तोंडातून बाहेर पडते. विजार बुटात खोचण्याची किंवा बुटाचे तोंड पट्ट्याने आवळण्याची पद्धत यावर उपाय म्हणून आहे. विजारीचा कापडी भाग, हात व पाठीवरची पिशवी वाटेतील फांद्यांना घासतात. तेथे राहणाऱ्या वासावर बुटाचा काहीच इलाज चालत नाही. शिवाय पावलाखाली चिरडलेल्या गवताचा आणि उकरल्या गेलेल्या मातीचा वास कोणत्याही पादत्राणाने टळत नाही. सर्वांत साधा उपाय वाट निवडण्याचा आहे: ज्या पायवाटेने हरणे येतील तिच्यावरून न चालणे, शक्य असेल तेथे ओढ्याच्या पाण्यातून जाणे.

बुटातील ओल घालवण्यासाठी रोज आतला सुटा तळ काढून वाळवतात, लोकरीचे मोजे वापरतात व मचाणापाशी पोहोचल्यावर मोजे बदलतात. ओझोन वायूने वास नष्ट करणाऱ्या पेट्या व पिशव्या अलीकडे विकल्या जातात. त्यांत नैसर्गिक रबराचे बूट वारंवार ठेवणे अहितकारक आहे, कारण ओझोन रबराच्या रेणूंतील दुहेरी बंध तोडतो आणि बुटाला, विशेषतः घडीच्या जागी, भेगा पडतात. भेग पडलेला गमबूट ना पाणी अडवतो ना वास. निओप्रीन या बाबतीत अधिक टिकाऊ आहे. ओझोन श्वासमार्गासही अपायकारक असतो.

व्यावसायिक दावे आणि चाचण्या

सक्रिय कार्बनचे अस्तर असलेले कपडे व बूट वास 'शोषून घेतात' अशी जाहिरात केली जाते. सक्रिय कार्बन अनेक रेणूंचे अधिशोषण करतो हे खरे आहे. परंतु त्याची क्षमता मर्यादित असते व ती घरगुती कपडे-वाळवणी यंत्राच्या उष्णतेने पूर्णपणे परत येत नाही. उद्योगात वापरलेला कार्बन पुन्हा सक्रिय करण्यासाठी सुमारे ८०० अंश सेल्सिअस तापमान लागते. २००२ मध्ये 'वाइल्डलाइफ सोसायटी बुलेटिन' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, असे कपडे घातलेल्या माणसांना प्रशिक्षित शोधकुत्र्यांपासून लपता आले नाही. हा प्रयोग कुत्र्यांवर व अंगभर कपड्यांसंबंधी होता, हरणांवर व बुटांसंबंधी नव्हता, हे ध्यानात ठेवणे इष्ट. मिनेसोटात काही शिकाऱ्यांनी अशा कपड्यांच्या उत्पादकांवर फसव्या जाहिरातींचा दावा दाखल केला. संघीय जिल्हा न्यायालयाने २०१० मध्ये जाहिरातींतील काही विधाने खोटी ठरवली. पुढील वर्षी अपील न्यायालयाने तो निर्णय फिरवला. 'वास नाहीसा करणे' म्हणजे नेमका किती नाहीसा करणे, हा वादाचा एक मुद्दा होता.

वाऱ्याची दिशा चुकल्यास कोणत्याही किमतीचा बूट उपयोगी पडत नाही, याबद्दल शिकाऱ्यांमध्ये क्वचितच मतभेद आढळतो. डोंगरउतारावर सकाळी तापणारी हवा वर चढते व संध्याकाळी थंड होऊन खाली उतरते. बसण्याची जागा त्यानुसार ठरवली जाते.

ऊब आणि सुरक्षितता

हरणांचा माज बहुतांश राज्यांत नोव्हेंबरच्या सुमारास असतो व तेव्हा शिकारी पहाटेच्या थंडीत मचाणावर कित्येक तास निश्चल बसतात. वास रोखणारा बूट घामही रोखतो. चालताना ओले झालेले मोजे बसल्यावर पाय गोठवतात आणि हिमदंशाचा धोका उत्पन्न करतात. बुटातील उबेच्या अस्तराचे प्रमाण दर चौरस मीटरला ग्रॅममध्ये सांगितले जाते. ४०० ग्रॅमचा बूट चालण्यास बरा असतो, ८०० ते १२०० ग्रॅमचा बसण्यासाठी. जास्त ऊब देणाऱ्या बुटात चालताना घाम अधिक येतो, म्हणजे ऊब व गंधनियंत्रण येथे परस्परविरोधी ठरतात. पुष्कळ शिकारी हलका रबरी बूट घालून चालतात आणि बसल्यावर त्यावरून उबदार खोळ चढवतात. सैल गमबूट घोट्याला आधार देत नाही, व चिखल भरलेला तळ शिडीच्या दांड्यावरून सटकतो. मचाणावरून पडणे हे अमेरिकेतील शिकाऱ्यांच्या दुखापतींचे एक प्रमुख कारण आहे. त्यामुळे तळाची पकड आणि बुटाचे माप यांचा विचार वासाच्या आधी करणे आवश्यक ठरते.

बुटांवर हरणाचे मूत्र लावणे

माणसाचा वास झाकण्यासाठी किंवा नराला आकर्षित करण्यासाठी बुटाच्या तळाला अथवा त्यामागे ओढलेल्या चिंधीला हरणाचे मूत्र लावण्याची प्रथा आहे. १९६७ मध्ये कोलोरॅडोत प्रथम लक्षात आलेल्या क्रॉनिक वेस्टिंग डिसीज या प्राणघातक रोगामुळे ही प्रथा वादग्रस्त झाली. हा रोग प्रायॉन नावाच्या विकृत प्रथिनांमुळे होतो. ती मूत्रातूनही बाहेर पडतात व मातीत अनेक वर्षे टिकतात. व्हर्जिनिया व व्हरमाँट यांसारख्या राज्यांनी नैसर्गिक मूत्राच्या वापरावर बंदी घातली आहे. तेथे कृत्रिम द्रव्ये वापरावी लागतात. रोगग्रस्त भागातील चिखल बुटांवरून अन्यत्र नेला जाऊ नये म्हणून तळवे स्वच्छ धुण्याचीही शिफारस केली जाते. या कामी खोल खाचांच्या तळापेक्षा उथळ खाचांचा तळ सोयीचा, पण त्याची पकड कमी.

भारतातील स्थिती

भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये चितळ, सांबर, भेकर आदी हरणांच्या शिकारीस बंदी असून तो दंडनीय अपराध आहे. त्यामुळे महाराष्ट्रातील वाचकांच्या दृष्टीने या विषयाचा प्रत्यक्ष उपयोग शिकारीपुरता उरत नाही. पाणवठ्यावरील मचाणावरून केली जाणारी प्राणिगणना, लपणातून केलेले छायाचित्रण किंवा स्वयंचलित कॅमेरे बसवण्याचे काम करताना मात्र पायवाटेवर राहणारा माणसाचा वास हाच प्रश्न समोर येतो.