आरसी कार वळत नाहीये? पुढची चाकं सोडा, आधी मागची बघा

रील्सवर आरसी कार बघत बसलात की दोन जाती ठळक दिसतात. एक, माती उडवत उड्या मारणारे मॉन्स्टर ट्रक. दुसरी, गुळगुळीत ट्रॅकवर जमिनीला चिकटून पळणाऱ्या टूरिंग कार. या टूरिंग कारमध्ये बहुतेकांची चारही चाकं जोर लावतात. पण त्यातच एक छोटी पोटजात आहे, जिची फक्त पुढची दोन चाकं गाडी ओढतात आणि मागची दोन नुसती मागे येतात. आपल्या बिल्डिंगखालच्या स्विफ्ट आणि वॅगनआर याच पद्धतीच्या. तरीही अशी मॉडेल गाडी पहिल्यांदा चालवणाऱ्याची तक्रार ठरलेली असते, "वळतच नाही हो ही!"

मग काय होतं? स्टिअरिंग आणखी फिरवलं जातं. त्यानं भागलं नाही की जास्त ताकदीची मोटर घेतली जाते. या दोन्ही उपायांनी गाडी आधीपेक्षा कमी वळते आणि पैसे जातात ते वेगळेच.

पगार एक, खर्च दोन

टायरची पकड पगारासारखी असते. महिन्याला ठरावीक रक्कम येते, त्यातूनच घरभाडं आणि त्यातूनच कर्जाचा हप्ता. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत पुढच्या टायरना गाडी ओढायचीही असते आणि वळवायचीही असते. ट्रिगर पूर्ण दाबून मोड घेतलात, तर सगळा पगार ओढण्यात संपतो. वळायला काहीच उरत नाही आणि गाडी मोडाच्या बाहेर सरकत जाते.

त्यात आणखी एक भानगड आहे. वेग वाढवला की गाडीचं वजन मागे झुकतं. म्हणजे पुढच्या टायरना पकडीची सर्वांत जास्त गरज असते, नेमका तेव्हाच त्यांच्यावरचा भार कमी होतो. ट्रिगर सोडलात की उलटं घडतं. वजन पुढे येतं, पुढची चाकं जमीन घट्ट धरतात, मागची हलकी होतात आणि शेपूट बाहेर फेकलं जातं. तोच मोड, तीच गाडी, फक्त बोट दाबलेलं की सोडलेलं एवढ्यावर तिचा स्वभाव बदलतो.

ब्रेकचंही तसंच. इलेक्ट्रिक आरसी कारमध्ये सहसा वेगळा ब्रेक नसतो, मोटरच गाडी अडवते. इथे मोटर जोडलेली असते फक्त पुढच्या चाकांना. त्यामुळे मोडात जोरात ब्रेक मारला तर पुढची चाकं अडतात आणि गाडी नाकासमोर सरळ जाते.

तात्पर्य, पुढच्या टायरची पकड एका मर्यादेपलीकडे वाढवता येत नाही. वाढवता येतो तो मागच्या भागाचा सैलपणा. मागचा भाग मोडात थोडा फिरू द्या, म्हणजे पुढच्या चाकांचं वळवण्याचं काम निम्मं होतं. जुन्या पूजो २०५ किंवा गोल्फ जीटीआय या गाड्यांचे रेसमधले फोटो पाहा. मोडात आतल्या बाजूचं मागचं चाक हवेत उचललेलं दिसतं. तिथे काही मोडलेलं नसतं. मागचा भाग कडक ठेवला, की असंच होतं.

थोडा इतिहास

खऱ्या गाड्यांमध्ये ही मांडणी घरोघरी नेण्यात १९५९ च्या ब्रिटिश मिनीचा मोठा वाटा आहे. अलेक इसिगोनिस यांनी इंजिन आडवं बसवलं आणि इवल्याशा गाडीत चार माणसं बसवून दाखवली. आरसीच्या जगात हे काम जपानच्या शिझुओका शहरातल्या तामिया कंपनीनं केलं. त्यांची एफएफ मालिका टूरिंग आकाराची, तर एम मालिका त्याहून आखूड, मिनीसारख्या गाड्यांसाठी. एम मालिकेत एक मजेशीर क्रम आहे. एम-०१, ०३, ०५, ०७ या विषम आकड्यांच्या गाड्या पुढच्या चाकांवर चालतात आणि ०२, ०४, ०६, ०८ या सम आकड्यांच्या मागच्या. सेकंड हँड किट शोधताना हे लक्षात ठेवलंत तर जाहिरात नीट न वाचताही कळेल. त्यानंतर आलेल्या एमबी-०१ नं ही गंमत मोडली. तो एकच चॅसिस दोन्ही पद्धतींनी जोडता येतो.

जोडताना कुठे थांबायचं

किटसोबतची पुस्तिका चित्रांची असते, त्यामुळे जपानी येत नसलं तरी अडत नाही. अडतं ते चार-पाच ठिकाणी.

पहिला अडथळा स्क्रू ड्रायव्हर. जपानी किटमधले फुलीचे स्क्रू जेआयएस मापाचे असतात. आपल्या घरातला फिलिप्स ड्रायव्हर त्यात बसल्यासारखा वाटतो, पण जोर लावला की निसटतो आणि स्क्रूचं डोकं गोल होतं. योग्य मापाचा ड्रायव्हर आधी घ्या. स्क्रू प्लास्टिकमध्ये जातोय तिथे डोकं टेकलं की थांबा, नाहीतर आटे जातात. थ्रेडलॉक फक्त धातूत धातू जातो तिथेच लावायचं. प्लास्टिकला लागलं तर ते तडकतं.

स्वस्त किटमध्ये बेअरिंगच्या जागी प्लास्टिकचे बुश येतात. ते जोडतानाच बदला, कारण नंतर गिअरबॉक्स पुन्हा उघडावा लागतो. तामियात सर्वांत जास्त लागणारं माप ११ बाय ५ मिलिमीटर.

मोटरवरचा छोटा पिनियन आणि त्याला भिडणारा मोठा स्पर गिअर यांच्यात किंचित खेळ हवा. ज्या किटमध्ये मोटर पुढे-मागे सरकवता येते तिथे दोघांच्या मध्ये पातळ कागदाची पट्टी घाला, मोटर दाबून स्क्रू आवळा आणि गिअर फिरवून पट्टी बाहेर काढा. किरकिर असा चढा आवाज आला तर गिअर फार घट्ट बसलेत किंवा फार लांब राहिलेत.

आता ज्यावर खरंच पैसे घालावेत तो भाग. पुढच्या चाकांना ताकद पोचवणारे दांडे चाक वळलेलं असतानाही फिरत असतात. साध्या दांड्यांना जास्त कोनात हे झेपत नाही, मग पुढची चाकं थरथरतात आणि तेवढी पकड वाया जाते. दुहेरी सांध्याचे दांडे मिळत असतील तर मोटरच्या आधी ते घ्या. माझ्या मते या गाडीत यापेक्षा उपयोगी सुटा भाग नाही.

डिफरेन्शियलची गोष्टही महत्त्वाची. मोडात आतलं पुढचं चाक हलकं होतं. डिफ मोकळा असेल तर सगळी ताकद त्या हलक्या चाकातून वाहून जाते, ते जागीच गरगरतं आणि गाडी पुढे जात नाही. म्हणून पुढचा डिफ जड हवा. तेल भरता येणाऱ्या डिफमध्ये लाखांच्या घरातलं सिलिकॉन तेल घालतात. मधासारखं दाट समजा, किंवा त्याहूनही दाट. तेल न राहणाऱ्या साध्या डिफमध्ये चिकट ग्रीस भरतात.

हिशोब एकदाच करा

मोटर किती वेळा फिरली की चाक एकदा फिरतं, हा आकडा काढायला स्परचे दात भागिले पिनियनचे दात, गुणिले गिअरबॉक्सचं आतलं प्रमाण. समजा स्पर ९० दातांचा, पिनियन ३० दातांचा आणि आतलं प्रमाण २. म्हणजे ३ गुणिले २, उत्तर ६. टायरचा व्यास ६३ मिलिमीटर असेल तर परीघ सुमारे १९८. त्याला ६ ने भागलं की मोटरच्या एका फेऱ्यात गाडी ३३ मिलिमीटर पुढे जाते. मोटर मिनिटाला २०,००० फेरे मारत असेल तर वेग ताशी ४० किलोमीटरच्या जवळपास. बिल्डिंगच्या आवारात एवढा वेग पुरून उरतो.

ब्रशलेस मोटरवर २१.५, १७.५, १३.५ असे आकडे असतात. ते तारेच्या वेढ्यांचे. आकडा मोठा तितकी मोटर शांत. या गाडीला २१.५ नं सुरुवात करा. पाच मिनिटं पळवून मोटरला बोट लावा. दोन सेकंदही ठेवता येत नसेल तर पिनियन एका दातानं लहान करा.

आता ट्यूनिंग

सर्वांत मोठा फरक टायर पाडतात, बाकी सगळं त्यानंतर. पुढे मऊ, मागे त्याहून कडक रबर, हे या गाडीचं पहिलं सूत्र. चारही टायर सारखेच असतील तर टायरला लावायचं ग्रिपचं औषध पुढे पूर्ण रुंदीला लावा आणि मागे कमी, किंवा लावूच नका. कागदावर हे वेडेपणाचं वाटतं, कारण आपण मुद्दाम मागची पकड बिघडवतोय. पण पहिल्याच मोडात फरक दिसतो.

त्यानंतर स्प्रिंग. पुढे मऊ, मागे कडक. मागे अँटी-रोल बार लावता येत असेल तर जाड लावा. गाडीची मागची उंची पुढच्यापेक्षा अर्धा ते एक मिलिमीटर जास्त ठेवून बघा. गुळगुळीत डांबरावर चॅसिस जमिनीपासून ५-६ मिलिमीटर वर असतो, आपल्या खडबडीत रस्त्यावर अर्थातच जास्त ठेवावा लागेल. बॅटरी पुढे सरकवण्याची सोय असेल तर सरकवा. पुढच्या टायरवर वजन पडू द्या.

मागची चाकं वरून पाहिली तर किंचित आत वळलेली असतात, म्हणजे टो-इन. त्यानं गाडी सरळ रेषेत स्थिर राहते, पण मोडात मागचा भाग हलायला तयार होत नाही. अर्ध्या अर्ध्या अंशानं कमी करत जा. लांब सरळ पट्ट्यावर शेपूट वळवळायला लागलं की एक पाऊल मागे. मागचा मोठा स्पॉयलर दिसायला झकास असला तरी वेगात तो मागची चाकं दाबतो, म्हणजे इतका वेळ आपण जे करतोय त्याच्या नेमकं उलट.

एका वेळी एकच बदल करा आणि फोनमध्ये लिहून ठेवा. तीन गोष्टी एकदम बदलल्या की कशानं बरं वाटलं ते कळत नाही.

स्टिअरिंग किती ठेवायचं याची एक सोपी चाचणी आहे. मोकळ्या जागेत एकाच वेगानं गोल गोल फिरवा आणि रिमोटवरून स्टिअरिंगचा कोन हळूहळू कमी करत जा. बऱ्याचदा कोन कमी केल्यावर वर्तुळ मोठं होण्याऐवजी लहान होतं, कारण आधी टायर वळत नव्हते, नुसते घासत होते. ज्या क्षणी वर्तुळ पुन्हा मोठं व्हायला लागेल, तिथे थांबा.

चालवण्याची पद्धतही बदलावी लागते. वेग मोडाच्या आधी, सरळ रेषेतच कमी करायचा. मोडात शिरताना ट्रिगर सोडायचा, शेपूट थोडं फिरू द्यायचं, नाक बाहेरच्या दिशेला लागलं की हळूहळू दाबायचं. शेपूट फारच निघालं तर आपण घाबरून ब्रेक मारतो, आणि ते आणखी फिरतं. इथे थोडी गती द्यायची, पुढची चाकं गाडी ओढून सरळ करतात. ईएससीमध्ये ड्रॅग ब्रेक नावाची सेटिंग असते, ट्रिगर सोडल्यावर मोटर किती अडेल ते ती ठरवते. ५ ते १० टक्क्यांवर सुरू करा.

बॅटरीबद्दल, गंभीरपणे

लायपो बॅटरी खेळण्यातली वस्तू नाही. प्रत्येक सेल ४.२ व्होल्टच्या वर चार्ज करायचा नाही आणि ३ व्होल्टच्या खाली उतरू द्यायचा नाही. ईएससीमधला लायपो कट-ऑफ सुरू आहे का ते पहिल्या दिवशी तपासा. चार्जिंग फरशीवर, लायपोसाठीच्या चार्जरवर आणि तुम्ही शेजारी असताना. गादीवर, सोफ्यावर, रात्रभर, यातलं काहीही नाही. दोन-चार दिवस वापरणार नसाल तर सेल ३.८ व्होल्टच्या आसपास ठेवा. फुगलेली बॅटरी पुन्हा चार्जरला लावू नका, घरात मुलं असतील तर अजिबातच नाही.

धूळ आणि झीज

आपल्याकडे ट्रॅकपेक्षा सोसायटीचं आवार आणि बेसमेंट पार्किंगच नशिबी असतं. तिथली बारीक धूळ टायरवर पावडरसारखी बसते आणि आधीच कमी असलेला पकडीचा पगार आणखी कापते. दर फेरीआधी ओल्या फडक्यानं टायर पुसा. कोपऱ्यांवर जास्त धूळ साचते, तेवढ्या केरसुणीनं झाडून घ्या. सेक्रेटरीही खूश.

या गाडीत पुढचे टायर मागच्यांच्या बऱ्याच आधी झिजतात. रबर वेगवेगळं असल्यानं त्यांची पुढे-मागे अदलाबदल करता येत नाही, डावं-उजवं करता येतं. व्यास ६३ चा ६१ झाला की परीघ ६ मिलिमीटरनं घटतो, गाडीचा वेग उतरतो आणि पुढची उंचीही मिलिमीटरभर खाली येते. म्हणून महिन्यातून एकदा व्हर्नियर कॅलिपरनं पुढचे टायर मोजा आणि उंची पुन्हा लावा.