मामाची गिरणी आणि एक गाळलेलं वाक्य

परवा शनिवारी बऱ्याच दिवसांनी मामाकडे गेलो. कर्जतला उतरायचं, खोपोली लोकल पकडायची आणि केळवलीला उतरायचं. खालापूर तालुक्यात मामाची भाताची गिरणी आहे. तिथे माझ्या हातून दोन वर्षांपूर्वी एक घोळ झाला होता. त्यामागचा इतिहास आज सांगतो.

मामाला हिशेबासाठी मी एक छोटा प्रोग्रॅम लिहून दिला होता, सी मध्ये. (हसू नका, जुन्या मशिनवर पळायला हवा होता!) मामाला इंग्रजी वाचता येत नाही, म्हणून मेसेज मराठीत हवे होते. कोडमध्येच मराठी लिहिता आलं असतं, पण इंजिनीअरची खाज. म्हटलं, नीट करू.

नीट म्हणजे काय, याचं पहिलं उत्तर १९८० च्या दशकातलं. एक्स/ओपनने युनिक्ससाठी 'कॅटगेट्स' आणलं. प्रत्येक वाक्याला एक नंबर आणि प्रत्येक भाषेची वेगळी कॅटलॉग फाइल. प्रोग्रॅम म्हणतो, "संच १, वाक्य १७ दे." पण मध्येच एक वाक्य घुसवलं आणि नंबर सरकले, तर 'धन्यवाद'च्या जागी 'कागद संपला' यायचं. शिवाय कोड वाचताना १७ म्हणजे काय ते कळत नाही.

१९९० च्या दशकाच्या सुरुवातीला सनच्या लोकांनी वेगळी वाट धरली: नंबर नकोच, मूळ इंग्रजी वाक्य हीच किल्ली. हे 'गेटटेक्स्ट'. १९९५ मध्ये उलरिक ड्रेपरने त्याची ग्नू आवृत्ती केली आणि लिनक्सवर तीच रुळली. अनुवादक साध्या पीओ फाइलमध्ये इंग्रजीखाली मराठी लिहितो, एक अवजार त्याची बायनरी एमओ फाइल बनवतं. प्रोग्रॅम सुरू होताना आधी 'सेटलोकेल', मग 'बाइंडटेक्स्टडोमेन' आणि 'टेक्स्टडोमेन'. पहिली ओळ विसरलात तर बाकी सगळं बरोबर असूनही इंग्रजीच दिसतं. माझी एक अख्खी रात्र त्यात गेलीय :)

मराठीची आणखी एक अडचण होती. अक्षरं कुठल्या कोडात लिहायची? पुण्याच्या सी-डॅकच्या जिस्टमुळे इस्की होतं, १९९१ मध्ये ते भारतीय मानकही झालं. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती आली, तिच्यात देवनागरी होती. पुढे लिनक्सवर मराठीचं लोकेल आलं ते यूटीएफ-८ मध्येच. २००० नंतर इंडलिनक्ससारख्या गटांनी आणि पुण्यात बसून रेड हॅटच्या अनुवादकांनी भारतीय भाषांच्या पीओ फाइली भरल्या. 'ओपन'ला 'उघडा' म्हणायचं की 'उघडलेले', असल्या प्रश्नांवर ही माणसं डोकं खाजवत बसायची. त्यांच्यामुळेच माझं काम एका रविवारचं झालं.

माझ्या फाइलीत मजा होती. इंग्रजीत "इतकी पोती अमक्याकडून", मराठीत "अमक्याकडून इतकी पोती". म्हणून जागांना क्रमांक द्यावे लागले. १ पोतं, २ पोती, त्यासाठी 'एनगेटटेक्स्ट'. मामा खूश!

आता घोळ. हंगाम संपताना मी इंग्रजी वाक्य बदललं. "ही नोंद पुसायची?"चं "या हंगामाच्या सगळ्या नोंदी पुसायच्या?" केलं. पीओ फाइल जुळवणाऱ्या अवजाराला जुना अनुवाद जवळचा वाटला, त्याने तो तिथे चिकटवला आणि 'फझी' अशी खूण केली, म्हणजे माणसाने तपासून घ्या. मी तपासलं नाही. फझी वाक्यं एमओ फाइलीत जातच नाहीत. आणि अनुवाद सापडला नाही तर गेटटेक्स्ट ओरडत नाही, गुपचूप मूळ इंग्रजी परत देतं.

मामाला इंग्रजी ओळ दिसली. रोजचाच प्रश्न असेल समजून त्याने 'वाय' दाबलं.

फोनवर म्हणाला, "अरे, सगळं कोरं झालं रे." मला काही बोलताच येईना. वही होती म्हणून वाचलो. मामी आणि मी दोन दिवस बसून नोंदी परत भरल्या.

गेटटेक्स्टचं ते गप्प राहणं चूक नाही. अर्धा अनुवाद झाला तरी प्रोग्रॅम चालू राहावा, म्हणूनच ते तसं केलंय. २०२४ च्या पॉझिक्स मानकात गेटटेक्स्ट आलंसुद्धा, जवळपास तीस वर्षं वापरात राहून. पण अर्धा अनुवाद 'चालतो' तो इंग्रजी येणाऱ्याला. मामाला नाही.

आता एमओ फाइल बनवताना किती वाक्यं फझी राहिली ते आधी मोजतो, एक जरी निघालं तरी पुढे जात नाही. परवा नवीन आवृत्ती टाकली. मामाने प्रत्येक ओळ मोठ्याने वाचून पाहिली, मग म्हणाला, "वही पण ठेवतोच हां."

ठेवा मामा.