रॅग्नारचा भाऊ सव्वाशे वर्षांनी

‘व्हायकिंग्ज’ ही २०१३ साली सुरू झालेली मालिका तुम्ही मुलांबरोबर पाहिली असेल, तर एक हिशेब करून बघा. मालिकेत रॅग्नार ७९३ साली लिंडिसफार्नचा मठ लुटतो. ती लूट खरीच झाली, इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर. त्याचा भाऊ म्हणून दाखवलेला रोलोही खरा. पण फ्रँक राजाने त्याला सेन नदीच्या मुखाकडचा मुलूख दिला तो ९११ च्या सुमारास! भावाभावांत जवळजवळ सव्वाशे वर्षं. रॅग्नार तर दंतकथांतलाच. असा एकच माणूस होऊन गेल्याचा ठोस पुरावा नाही.

मग मठ लुटला कोणी? त्यांची नावं कुणीच लिहून ठेवली नाहीत. लिहिणारे होते ते मार खाल्लेल्या बाजूचे. अल्क्विन या विद्वानाने हळहळून लिहिलेली पत्रं आहेत, लुटणाऱ्यांचा मात्र एक शब्द नाही. त्यांच्या वंशजांच्या कथा आइसलंडमध्ये कागदावर, म्हणजे चामड्यावर, उतरल्या त्या काही शतकांनी. मालिकेला मोकळं रान मिळालं ते इथे.

त्या मठात तयार झालेली शुभवर्तमानांची देखणी हस्तलिखित पोथी मात्र वाचली. ती आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे.