पैठण-तगर मार्ग आणि परदेशी मद्य

इ. स. च्या पहिल्या शतकांतील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथांत भडोच बंदरीं उतरणाऱ्या मालांत मद्य सांगितलें आहे; त्यांत इटलीच्या मद्यास पसंती अधिक, शिवाय लाओडिकियाचें व अरबस्तानचेंही येई. भडोचहून पैठण वीस दिवसांच्या वाटेवर व तेथून तगर दहा दिवसांच्या, असें ग्रंथकार म्हणतो. तगर म्हणजे तेर, असें फ्लीट यांनीं १९०१ मध्यें प्रतिपादिलें. नकाशावर पैठण-तेर अशी सरळ रेघ ओढली असतां ती बीड शहराजवळून जाते. अंतर सुमारें १५० किलोमीटर. भरल्या गाड्यांस दहा दिवस हा हिशेब जुळतो. सबब ही वाट बीड जिल्ह्यांतून जात असावी, असें आमचें अनुमान आहे.

मद्य घाटावर पोंचलें काय, याचें उत्तर खापरांत आहे. नेवाशाच्या १९५४-५६ च्या उत्खननांत अँफोरा, म्हणजे दोन कानांच्या निमुळत्या रांजणांचे तुकडे मिळाले. परंतु पश्चिम भारतांतील अशीं कांहीं खापरें रोमन नसून आंतून डांबर लावलेल्या मेसोपोटेमियाच्या रांजणांचीं आहेत, हें रॉबर्टा टोंबर यांनीं २००७ मध्यें दाखविलें. म्हणून प्रत्येक तुकडा नव्यानें पारखणें प्राप्त आहे.

तेरचें वस्तुसंग्रहालय रामलिंगप्पा लामतुरे यांच्या संग्रहांतून उभें राहिलें. बीडकडील संग्राहकांस आमची विनंति एवढीच कीं, नाणें ठेवून खापर टाकूं नये, आणि तें कोणत्या गांवीं, कोणत्या शेतांत मिळालें याची नोंद अवश्य ठेवावी.