नियम आधी सांगा, मग ब्रेक मारा

परवा रात्री अकराच्या सुमाराला फोन वाजला. "दादा, स्टँडमागच्या पूलवर राडा झालाय, या जरा." मी पोचलो तोवर मारामारी थांबली होती. एक पोरगा भुवईवर रुमाल दाबून बसलेला (नंतर तीन टाके पडले), एक क्यू मधोमध मोडलेला, आणि शाळेपासूनचे दोन दोस्त एकमेकांकडे पाठ करून. पैज होती पाचशे रुपयांची.

कारण ऐकाल तर हसाल. पहिल्याच फटक्याला, म्हणजे ब्रेकला, आठ नंबरचा काळा बॉल होलमध्ये गेला. मारणारा म्हणाला, "जिंकलो." समोरचा म्हणाला, "कसला जिंकलास? काळा वर काढ, परत ठेव, खेळ पुढे." गंमत अशी की दोघंही खोटं बोलत नव्हते. एक पुण्यात शिकायला होता, तो ज्या अड्ड्यावर खेळायचा तिथं ब्रेकला काळा पडला की गेम संपतो. दुसरा मोबाईलवर स्पर्धा बघून शिकलेला. दोघांचे नियम वेगळे, टेबल एकच.

मी मालकाला विचारलं, "तुमच्याकडे काय नियम आहे?" तो भिंतीकडे बघायला लागला. भिंतीवर चार पाट्या होत्या. सिगारेट ओढू नये. क्यू तुटल्यास भरपाई घेतली जाईल. हरणाऱ्याने टेबलाचे पैसे द्यावेत. उधारी बंद. मालकाच्या पैशाचे सगळे नियम भिंतीवर, खेळाचा एकही नाही.

आता बरोबर कोण? आंतरराष्ट्रीय नियम असा की ब्रेकला काळा पडला तर ना जीत ना हार. मारणाऱ्यानं काळा परत जागेवर ठेवून पुढं खेळावं, नाहीतर सगळे बॉल पुन्हा लावून परत ब्रेक मारावा. म्हणजे नियमाच्या पुस्तकाप्रमाणे दुसरा पोरगा बरोबर. पण अमेरिकेतल्या कितीतरी बारमध्ये पहिला पोरगा जिंकला असता, आणि त्यामागंही कारण आहे.

तिकडं बारमधलं टेबल नाण्यावर चालतं. नाणं टाकलं की बॉल बाहेर येतात. नंतर होलमध्ये गेलेला बॉल टेबलाच्या पोटात अडकून बसतो, पुढचं नाणं टाकेपर्यंत बाहेर येत नाही. फक्त पांढरा बॉल परत येतो, कारण तो आकारानं किंवा वजनानं वेगळा असतो, नाहीतर त्यात लोहचुंबकाची युक्ती असते. आता काळाच आत अडकला तर परत ठेवणार कुठून? मग म्हणा, गेम संपला, मारणारा जिंकला. तसंच फाऊल करून बॉल पडला तरी तो पडलेलाच राहतो. लोकांना विचित्र वाटणारे असे नियम कुणी डोकं लढवून केलेले नाहीत, ते यंत्राच्या सोयीनं आले. आपल्या इथल्या टेबलाला नाण्याची फट नाही, बॉल हातानं काढता येतो. पण नियम मात्र फिरत फिरत इथवर आला.

असे घरगुती नियम जगभर आहेत. टेबलाच्या कडेला नाणं ठेवलं की पुढचा नंबर आपला, आणि जिंकणारा टेबल सोडत नाही, ही अमेरिकन बारची रांग. मेक्सिकोकडं बऱ्याच ठिकाणी आपला शेवटचा बॉल ज्या होलमध्ये गेला, त्याच होलमध्ये काळा घालावा लागतो. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये आपला एकही बॉल न घालता जो हरेल, त्यानं पॅंट खाली करून टेबलाला फेरी मारायची अशी थट्टेची रीत आहे. (आपल्याकडं कुणी सुरू करू नका, बरं का.) कुठं चुकून पडलेला बॉलही चालतो, कुठं कुठला बॉल कुठल्या होलमध्ये घालणार ते आधी सांगावं लागतं.

तुम्ही म्हणाल, मग सगळीकडं पुस्तकातलाच नियम लावा, विषय संपला. पण थांबा. ज्या स्नूकरला आज आपण साहेबी, शिस्तीचा खेळ म्हणतो, तो जन्मला तेव्हा निव्वळ घरगुती नियमच होता. आणि तो जन्मला लंडनमध्ये नाही, आपल्या शेजारच्या जबलपूरमध्ये. जे जबलपूर इंग्रजांच्या आधी नागपूरकर भोसल्यांच्या ताब्यात होतं, तेच.

साल १८७५. डेव्हनशायर रेजिमेंटची मेस. पावसाळ्याचे दिवस, बाहेर पडायची सोय नाही, तरुण अधिकारी बिलियर्ड्सच्या टेबलावर पैजा लावत बसलेले. तेव्हा पंधरा लाल बॉलचा 'पिरॅमिड' नावाचा खेळ चालायचा, आणि एका काळ्या बॉलचा 'ब्लॅक पूल'. नेव्हिल चेंबरलेन नावाच्या एकोणीस वर्षांच्या लेफ्टनंटनं दोन्ही एकत्र केले, वर आणखी रंगीत बॉल टाकले. (पुढं पंतप्रधान झालेला चेंबरलेन तो हा नव्हे. हा पुढं आयर्लंडच्या पोलिसांचा प्रमुख झाला.) वुलविचच्या लष्करी शाळेत पहिल्या वर्षाच्या नवख्या पोराला 'स्नूकर' म्हणून चिडवायचे. एकाचा सोपा फटका हुकला तेव्हा चेंबरलेननं त्याला तेच म्हटलं. मग समजूत काढायला म्हणाला, या खेळात आपण सगळेच नवखे. तेच नाव खेळाला चिकटलं.

आता मुद्दा बघा. जबलपूरचा हा नियम मेसपुरताच राहिला असता तर असे शेकडो खेळ विसरले गेले तसा हाही गेला असता. पण चेंबरलेन पुढं उटीला गेला, आणि १८८० च्या दशकात तिथल्या क्लबात या खेळाचे नियम लिहून बिलियर्ड्सच्या खोलीत भिंतीवर लावले गेले. नवा माणूस आला तरी वाचून खेळू शकत होता. तिथून तो खेळ विलायतेत गेला आणि १९०० साली तिथल्या बिलियर्ड्स असोसिएशननं त्याचे अधिकृत नियम केले. म्हणजे घरगुती नियम वाईट नसतो. तो खेळ सुरू होण्याआधी सगळ्यांना दिसला पाहिजे आणि सगळ्यांना सारखा लागला पाहिजे, इतकंच. बॉल पडल्यावर आठवलेला नियम म्हणजे नियम नाही, ती बनवाबनवी.

आता पूल सोडा. गेल्या महिन्यात भाचीच्या एका दाखल्यासाठी मी एका सरकारी कचेरीत तीन हेलपाटे घातले. पहिल्या दिवशी एक कागद कमी, दुसऱ्या दिवशी वेगळाच कागद कमी, तिसऱ्या दिवशी "साहेब नवीन आहेत, त्यांना प्रतिज्ञापत्र लागतं." नियम नव्हता असं नाही. होता, पण खिडकीच्या आतल्या बाजूला. आपण फटका मारल्यावरच तो बाहेर यायचा. मी पत्रकार, मला तीन हेलपाट्यांत मिळालं. रोज बुडवून खेड्यावरून एसटीनं येणाऱ्या माणसाचं काय?

यासाठी कायदा आहे, मंडळी. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५. कुठली सेवा किती दिवसांत मिळणार, फी किती, देणारा अधिकारी कोण आणि अपील कुणाकडं करायचं, हे कार्यालयात फलकावर लावणं बंधनकारक आहे. उटीच्या क्लबानं बिलियर्ड्सच्या खोलीत जे दीडशे वर्षांपूर्वी केलं, तेवढंच मागतोय आपण.

काल पूलवर पुन्हा चक्कर टाकली. "उधारी बंद"च्या शेजारी वहीचा कागद चिकटवलाय, पेननं लिहिलेला: ब्रेकला आठ नंबर पडल्यास परत ठेवणे. खाली आणखी पाच नियम. मालक म्हणाला, "आधीच लावला असता तर क्यू वाचला असता." त्या दोन पोरांचं बोलणं अजून सुरू झालेलं नाही. होईल, वेळ लागेल.

तुम्ही एक काम करा. उद्या ज्या कचेरीत जाल, तिथला फलक बघा. आहे का, वाचता येतो का, कपाटामागं तर नाही ना. फोटो काढून मला पाठवा. ज्यांनी लावलाय त्यांचं नाव घेऊन कौतुक करू. ज्यांनी नाही लावला, त्यांना आपण सगळे मिळून विचारू.